बारा वर्षं आणि सहा तास

हृदयरोगतज्ज्ञ तयार व्हायला आपल्याकडे एक तप लागतं. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षं मेडिसिनमधली एमडी आणि त्यावर तीन वर्षं कार्डिऑलॉजीची डीएम. बेरीज साडेअकरा होते, पण मध्ये नीट-पीजी आणि नीट-एसएस या दोन परीक्षा येतात. त्यांच्या तयारीत किंवा एखाद्या हुकलेल्या जागेत उरलेले महिने कधी निघून जातात ते कळत नाही. स्वतःच्या नावाची पाटी दारावर लागते तेव्हा डॉक्टरांचं वय तिशीच्या पुढे गेलेलं असतं.

दुसरा आकडा रुग्णांचा आहे. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘क्रिएट’ नावाच्या भारतीय पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८९ रुग्णालयांतल्या २०,४६८ रुग्णांची ही नोंद होती. हार्ट अटॅक आलेले किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेले हे लोक त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत किती वेळ गेला, याचा मध्यांक निघाला ३६० मिनिटं. म्हणजे सहा तास. निम्मे लोक त्याहूनही उशिरा आले.

हृदयविकाराच्या उपचारांचा आढावा घेताना हे दोन आकडे शेजारी ठेवावेत, असं मला वाटतं. बारा वर्षांत कमावलेलं कसब निम्म्या वेळा सहा तास उलटून गेल्यावर कामाला लागतं. डॉक्टर कमी पडतात म्हणून हे होतं असं नाही. या आजारांचा निकाल ज्या ठिकाणी लागतो ती ठिकाणं कॅथ लॅबपासून, म्हणजे हृदयात नळी घालण्याच्या खोलीपासून, लांब आहेत, आणि हे एका आजारापुरतं खरं नाही.

आधी या डॉक्टरांची ओळख, कारण तिथेच गोंधळ फार आहे. ‘हार्टचे डॉक्टर’ म्हणजे छाती उघडून ऑपरेशन करणारे, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. बायपास करणारे, झडप बदलणारे ते हृदयशल्यचिकित्सक. त्यांचा रस्ता एमएस आणि एमसीएचचा. कार्डिऑलॉजिस्ट मुळात फिजिशियन. तो नाडी बघतो, छातीला स्टेथोस्कोप लावतो, ईसीजी वाचतो, टू-डी इको करतो, औषधं ठरवतो, आणि गरज पडली तर मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी सारत हृदयापर्यंत जातो. डीएमची तीन वर्षं या नळीभोवती फिरतात: सीसीयूतल्या रात्री, इकोच्या खोलीतले दिवस, आणि कॅथ लॅबमध्ये अंगावर शिशाचा जड ॲप्रन घालून तासन्‌तास उभं राहणं. पाठीची आणि मानेची दुखणी या पेशात वयाआधी येतात, त्याचं कारण हा ॲप्रन. पुढे कुणी लयबिघाडाकडे वळतो, कुणी लहान मुलांच्या हृदयाकडे, कुणी हार्ट फेल्युअरकडे. बहुसंख्य लोक अँजिओप्लास्टीकडे जातात. मागणी तिथे आहे आणि उत्पन्नही तिथेच.

नळी हृदयात नेण्याची कल्पनाच एकेकाळी वेडेपणाची मानली जात होती. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावात वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून ती आत सारली आणि तशाच अवस्थेत एक्स-रेच्या खोलीत जाऊन पुरावा म्हणून फोटो काढून घेतला. त्याचं कौतुक झालं नाही. तो हृदयाचं काम सोडून मूत्ररोगांकडे वळला. नोबेल मिळालं ते १९५६ मध्ये. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिगने त्याच वाटेने फुगा नेऊन आखडलेली धमनी आतून रुंद केली आणि अँजिओप्लास्टी सुरू झाली. भारतात ती १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलारिकल यांनी आणली.

आपल्या देशातल्या कार्डिऑलॉजीची सुरुवात मात्र ब्लॉकेजपासून झाली नव्हती. ब्रह्मदेशात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. एस. पद्मावती, देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ, १९५०च्या दशकात दिल्लीच्या लेडी हार्डिंगमध्ये काम करू लागल्या. तेव्हा त्यांच्यासमोर येणारे रुग्ण होते ते संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेली मुलं आणि चुलीच्या धुराने आधी फुप्फुसं व मग हृदय निकामी झालेल्या बायका. मुंबईत १९६८च्या फेब्रुवारीत केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपणाचा प्रयत्न केला. जगातलं पहिलं आरोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला, पण परळच्या एका महापालिकेच्या रुग्णालयातली ती झेप विसरण्यासारखी नाही. यशस्वी आरोपणासाठी देशाला १९९४ पर्यंत थांबावं लागलं. ते डॉ. वेणुगोपाल यांनी दिल्लीच्या एम्समध्ये केलं.

आज ओपीडीत सगळ्यात मोठी रांग असते ती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आजाराची. लोक म्हणतात, ‘नळीत ब्लॉकेज आहे.’ डोळ्यांसमोर चित्र येतं ते नळात साचत गेलेल्या गाळाचं, आणि या चित्राने बराच घोटाळा केला आहे. धमनीच्या आतल्या अस्तराखाली चरबी आणि दाह साठून जे तयार होतं ते फोडासारखं असतं. कित्येक वर्षं ते गप्प राहतं. एक दिवस त्याचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्ताची गाठ धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. हा हार्ट अटॅक. फुटणारा फोड आधी मोठा असतोच असं नाही. तीस-चाळीस टक्क्यांचाही फुटतो. म्हणून गेल्या महिन्यात स्ट्रेस टेस्ट चांगली आलेल्या माणसाला आज अटॅक येऊ शकतो. त्यात टेस्ट करणाऱ्याची चूक असतेच असं नाही.

वाट बंद झाल्यावर स्नायू एका फटक्यात मरत नाही. आतून बाहेर, तासातासाने मरत जातो. पहिल्या एक-दोन तासांत गाठ विरघळली किंवा फुग्याने वाट मोकळी झाली तर हृदय बरंचसं वाचतं. सहा तासांनी थोडं वाचतं. बारा तासांनंतर बहुतेकांच्या बाबतीत उशीर झालेला असतो. याचा भक्कम पुरावा १९८८च्या ‘आयसिस-२’ या चाचणीने दिला. तीत १७,१८७ रुग्ण होते. ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज ही दोन साधी औषधं एकत्र मिळालेल्यांमध्ये पाच आठवड्यांतले मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. दोन्हींपैकी कशालाही कॅथ लॅब लागत नाही.

मग सहा तास जातात कुठे? घरातच. छातीच्या मधोमध आवळल्यासारखं, दगड ठेवल्यासारखं होतं, घाम फुटतो, कळ डाव्या हातात, खांद्यात किंवा जबड्यात जाते. आणि घरात कुणीतरी म्हणतं, ‘गॅस झालाय, सोडा घे.’ ओवा येतो, जिरं येतं, पित्ताची गोळी येते. आजोबा म्हणतात, सकाळी बघू. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कित्येकदा छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, अंगातली शक्ती गेल्यासारखं वाटतं, मळमळतं. घरातली बाई ‘थकवा आहे’ म्हणाली की तिच्यासाठी गाडी काढायला आपण पुरुषापेक्षा जास्त वेळ घेतो, हे कुठल्याही सीसीयूतल्या सिस्टरला विचारून बघावं.

त्यानंतरचा वेळ रस्त्यावर आणि चुकीच्या दारात जातो. पहिल्या दवाखान्यात ईसीजीचं मशीन नसतं. दुसऱ्यात असतं, पण वाचणारा नसतो. पहिला ईसीजी ‘नॉर्मल’ आला की रुग्णाला घरी पाठवलं जातं. खरं तर तो अर्ध्या तासाने पुन्हा काढायला हवा, ट्रोपोनिन तपासायला हवं. खिशातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची सवय तर आपल्याकडे घराघरांत आहे. आधीच डॉक्टरांनी दिलेली असेल तर ठीक. पण रक्तदाब उतरलेला असताना, किंवा हृदयाच्या उजव्या कप्प्यालाही धक्का बसलेला असताना, ती रक्तदाब आणखी पाडते आणि माणूस कोसळतो. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा इतिहास नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची गोळी चावून खाणं हा त्याहून शहाणपणाचा पहिला उपाय आहे. आणि स्वतः स्कूटर चालवत न जाता १०८ ला फोन करणं. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे.

‘क्रिएट’च्या पाहणीत आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फार कमी लक्ष गेलं. तीस दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण गरिबांमध्ये ८.२ टक्के होतं, श्रीमंतांमध्ये ५.५. संशोधकांनी हिशेब करून पाहिला तेव्हा दिसलं की हा फरक गरिबांच्या आजारामुळे किंवा सवयींमुळे पडलेला नव्हता. मिळालेल्या उपचारांतला फरक गणितातून काढला की मृत्यूंतला फरकही नाहीसा होत होता. म्हणजे गरिबाचं हृदय जास्त बिघडलेलं नव्हतं. त्याला औषध आणि अँजिओप्लास्टी कमी मिळाली, एवढंच.

याच्या उलट टोकाला, ज्यांना अटॅक आलेला नाही त्यांच्यावर घाई होते. जिना किंवा चढ चढताना छातीत भरून येतं, थांबलं की जातं. वर्षभर असंच चाललं आहे. हा स्थिर अंजायना. अँजिओग्राफी होते, ‘सत्तर टक्के ब्लॉक’ असे शब्द कानावर पडतात आणि नातेवाईक टेबलाशेजारीच संमतीपत्रावर सही करतात. या परिस्थितीत स्टेंटने, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीने, आयुष्य वाढतं का, हे पाहण्यासाठी ‘इस्किमिया’ ही मोठी चाचणी झाली. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही. निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर झाले. चांगल्या औषधोपचारावर ठेवलेल्यांत आणि आधीच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत मृत्यूंचं प्रमाण वेगळं आलं नाही. छातीतलं दुखणं मात्र स्टेंट-बायपासने जास्त कमी झालं, आणि ज्याला रोजच त्रास होतो त्याला हा फायदा लहान नाही. मुख्य डाव्या धमनीतला अडथळा या चाचणीत नव्हता. तो असेल तर गणित बदलतं. मधुमेह आणि एकाहून जास्त धमन्या बाधित असतील तर स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरतो, हे २०१२च्या ‘फ्रीडम’ चाचणीने दाखवलं होतं. सांगायचं ते इतकंच की अटॅक चालू नसेल तर एक रात्र विचार करायला वेळ असतो. रिपोर्टची सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याने कुणी दगावत नाही. चांगला कार्डिऑलॉजिस्ट त्याचा राग धरत नाही. उलट हात राखून ठेवणं हेच त्याच्या बारा वर्षांचं खरं फळ आहे, असं मी मानतो.

पैशाची बाजूही इथेच सांगून टाकू. औषध लावलेल्या स्टेंटला लाखाच्या वर किंमत लावली जात असे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध मूल्य प्राधिकरणाने ती २९,६०० रुपयांवर बांधली, साध्या स्टेंटची ७,२६० वर. रुग्णालयाचं बिल त्या प्रमाणात उतरलं नाही, पण लूट निदान एका ठिकाणी थांबली. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. स्टेंट बसवून घरी आलेल्या माणसाला पुढे जे जगवतं ते मात्र रोजच्या गोळ्या. कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून बंद करणारे रोज भेटतात. रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक कुणी परस्पर सोडली तर नव्या स्टेंटमध्येच गाठ धरते, आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा वाईट असतो.

आपल्याला हा आजार लवकर का होतो, या प्रश्नाचं अर्धं उत्तर पुण्याने दिलं आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाने २००४ मध्ये दाखवलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ने दोन डॉक्टरांचा शेजारी उभा फोटो छापला: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासातून याज्ञिकांच्या गटाने दाखवलं की हे जन्मापासूनच असतं. आपलं बाळ वजनाने लहान, हाता-पायाने बारीक, पण चरबीच्या बाबतीत बारीक नसतं. गरोदरपणात आईच्या ताटात काय होतं, त्याचे धागे पन्नाशीतल्या अटॅकपर्यंत जातात. ‘अंगाने काटकुळा होता तरी अटॅक आला’ हे वाक्य आपण तेराव्याला ऐकतो, त्याचं स्पष्टीकरण इथे आहे. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब हे त्यावर चढतात. मशेरी लावणाऱ्या आणि तंबाखू मळणाऱ्या माणसाला आपण ‘बिडी ओढत नाही’ म्हणून निर्व्यसनी समजतो, तेही चूक आहे.

रक्तदाबाच्या इतिहासात मुंबईचं एक सोनेरी पान आहे. आपल्या वैद्यांना शतकानुशतकं ठाऊक असलेल्या सर्पगंधेच्या मुळ्यांनी रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर पद्धतशीर तपासलं आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं. त्याआधी वाढलेल्या रक्तदाबावर म्हणावं असं औषधच जगात नव्हतं. पश्चिमेकडच्या डॉक्टरांनी तो लेख वाचला, सर्पगंधेतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. त्या औषधाने काहींना नैराश्य येई, म्हणून पुढे ते मागे पडलं. आजच्या गोळ्या स्वस्त आहेत, सोसतात, दिवसातून एकदा घ्यायच्या असतात. तरीही गडचिरोलीच्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंची कारणं शोधली तेव्हा पहिल्या क्रमांकावर लकवा निघाला, १४.३ टक्के. मलेरिया नाही, साप नाही. लकव्याचं मोठं कारण म्हणजे न सापडलेला किंवा अर्धवट सोडलेला रक्तदाब. दंडाला पट्टा बांधून आकडा लिहिणं आशाताईला आणि नर्सताईला जमतं. त्याला कार्डिऑलॉजिस्ट लागत नाही. २०१७ मध्ये रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम ज्या पहिल्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत महाराष्ट्र होता, आणि त्याचं सूत्र हेच होतं: औषधं मोजकीच, सगळीकडे तीच, आणि गोळ्या न्यायला न आलेल्या माणसाच्या घरी विचारणा.

संधिवाताच्या हृदयरोगाबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण शहरातल्या वर्तमानपत्रांतून तो संपल्यात जमा झाला आहे आणि सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत अजून बसलेला आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, जातो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, मग घोटा, मग कोपर. हा त्रास एका सांध्यातून दुसऱ्यात फिरत राहतो आणि तोही बरा होतो. घसा बिघडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूशी लढताना शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं हृदयाच्या झडपांवरही तुटून पडतात. सांधे सुटतात, झडप सुटत नाही. दाटीने राहणाऱ्या, एका खोलीत सहा-सात जण झोपणाऱ्या कुटुंबांचा हा आजार आहे. पहिल्या तापानंतर दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं १२ लाख युनिटचं इंजेक्शन घेत राहिलं तर झडप पुढे बिघडायची थांबते. इंजेक्शन स्वस्त आहे, ते दुखतं, आणि वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. रिॲक्शनच्या भीतीने पुष्कळ दवाखाने ते द्यायलाच नको म्हणतात. आई दर एकवीस दिवसांनी मजुरी बुडवून तालुक्याला नेते आणि तिथे ‘इथे देत नाही’ असं ऐकून परत येते. दोन-चार खेपांनंतर ती येईनाशी होते.

पंधरा वर्षांनी तीच मुलगी सातव्या महिन्यात धाप लागून आडवीही होऊ शकत नाही अशी येते. डाव्या बाजूची मायट्रल झडप कधीचीच आखडलेली असते. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढल्यावर ती वाट पुरत नाही आणि फुप्फुसात पाणी भरतं. लग्न मोडेल म्हणून माहेरच्यांनी आजार लपवलेला असतो, आणि इंजेक्शनची जुनी चिठ्ठी सासरी कुणाला ठाऊक नसते. जपानी शल्यचिकित्सक इनोउए यांनी १९८४ मध्ये मांडलेला रबरी फुगा इथे वरदान ठरतो: जांघेतून नेऊन झडपेत फुगवला की चिकटलेल्या पाकळ्या सुटतात, आणि ती मुलगी त्याच रात्री आडवी झोपते. हे कसब भारतातल्या सरकारी रुग्णालयांच्या हातात जेवढं बसलं आहे तेवढं श्रीमंत देशांत आता उरलेलं नाही, कारण त्यांच्याकडे हा आजारच उरला नाही. झडप फुग्याच्या पलीकडे गेली असेल तर बदलावी लागते. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटाने देशी यांत्रिक झडप बनवली. ती १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसली आणि परवडणारी झाली. पण यांत्रिक झडप म्हणजे जन्मभर रक्त पातळ ठेवण्याची गोळी, महिन्या-दीड महिन्याने आयएनआरची तपासणी, आणि पुन्हा दिवस गेले तर ती गोळी पोटातल्या बाळाला घातक. पेनिसिलिनच्या एका चुकलेल्या खेपेची किंमत इतकी चढत जाते.

हार्ट फेल्युअर हे नाव ऐकलं की घरचे रडायलाच लागतात. हृदय बंद पडलं असा त्याचा अर्थ नाही. त्याची पंपाची ताकद किंवा सैल पडण्याची क्षमता कमी झालेली असते. इकोच्या रिपोर्टवर इजेक्शन फ्रॅक्शन म्हणून आकडा असतो. साधारण ५५ च्या वर असावा, तो ३० किंवा २५ दिसतो. चालताना दम, पायांवर सूज, रात्री दोन उश्या घेऊन झोपणं. जुना अटॅक, वाढलेला रक्तदाब, खराब झडप, दारू, अशा अनेक वाटा इथे येऊन मिळतात. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या आजाराच्या औषधांनी केलेली प्रगती कुठल्याही स्टेंटपेक्षा मोठी आहे. मुळात मधुमेहासाठी आलेल्या ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्या मधुमेह नसलेल्यांच्या हार्ट फेल्युअरमध्येही चालतात हे २०१९ मध्ये कळलं. बाकीचं काम घरचं: रोज सकाळी वजन करायचं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन करायचा, आणि मिठाला आवर घालायचा. कोकणात हे शेवटचं फार जड जातं. सुकट, खारवलेले बोंबील, लोणचं, पापड यांनी भरलेल्या पावसाळ्यात रुग्ण सुजून परत येतात.

लयीच्या बिघाडांत सगळ्यात जास्त दिसतो तो एट्रियल फिब्रिलेशन. वरचे कप्पे नुसते थरथरतात, आत गाठ धरते आणि मेंदूत जाऊन लकवा होतो. त्यावर रक्त पातळ करणारी औषधं आहेत आणि ती घ्यायला लोक भितात. नाडी फार मंद होऊन चक्कर येत असेल तर पेसमेकर बसतो. तो पहिल्यांदा १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला गेला. अनेक पेसमेकर बदलत ते २००१ पर्यंत जगले, बनवणाऱ्या इंजिनिअरच्या आणि बसवणाऱ्या सर्जनच्याही नंतर. तरुण मुलीला अचानक छातीत धडधड सुरू होते, नाडी दोनशेकडे जाते आणि तपासायला जाईपर्यंत थांबते, तेव्हा तिला ‘टेन्शन’ म्हणून परत पाठवलं जातं. धडधड चालू असताना काढलेला एक ईसीजी निदान करतो, आणि त्यातले बहुतेक आजार नळीतून केलेल्या ॲब्लेशनने कायमचे बरे होतात.

जन्मतः हृदयाला भोक किंवा इतर दोष असलेली मुलं दर हजारी सुमारे आठ-नऊ. बरीच छोटी भोकं आपोआप बुजतात, काही छत्रीसारख्या उपकरणाने बंद होतात, काहींना ऑपरेशन लागतं. शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरहून. दूध पिताना घामेजणारं, वजन न धरणारं बाळ त्या तपासणीत सापडतं आणि वेळेत मुंबईला पोचतं. या कार्यक्रमाचं चांगलं काम फार कमी सांगितलं जातं.

आणि पाठ्यपुस्तकाच्या मुख्य प्रकरणांत नसलेला एक हृदयविकार कोकणातला. लाल विंचू चावला की विष शरीरात ॲड्रेनलिनचा पूर आणतं, रक्तदाब उसळतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी होऊन मूल दगावतं. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागलेल्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी हे मृत्यू रात्र-रात्र बसून पाहिले, हा विषाचा हृदयावरचा मार आहे हे ओळखलं, आणि रक्तदाबाची प्राझोसिन ही जुनी स्वस्त गोळी वापरली. चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्यावर आलं. त्यांचे लेख ‘लॅन्सेट’मध्ये आले, पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे डीएमची पदवी नव्हती. ते आजार जिथे घडतो त्या जागी होते.

सहा तासांच्या प्रश्नावर उत्तर शोधलं गेलंच नाही असं नाही. तामिळनाडूत लहान रुग्णालयं मोठ्या केंद्रांना जोडली गेली: लहान ठिकाणी ईसीजी काढायचा, तो लगेच केंद्राकडे पाठवायचा, तिथून निदान येताच गाठ विरघळवणारं औषध तिथेच द्यायचं आणि मग रुग्ण अँजिओग्राफीसाठी पुढे न्यायचा. २,४२० रुग्णांच्या नोंदी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले होते. भामरागडच्या माणसाला नागपूरची कॅथ लॅब तीनशे किलोमीटरहून लांब आहे. त्याच्यासाठी नव्वद मिनिटांत अँजिओप्लास्टी हे बोलणंच खोटं आहे. त्याला औषध भामरागडलाच मिळायला हवं.

हे घडावं म्हणून माझं म्हणणं डीएमच्या अभ्यासक्रमाबद्दल आहे. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायला लावणारा नियम २०२० मध्ये आला. तो डीएमच्या तीन वर्षांनाही लागू करावा, आणि जिल्ह्याला नेऊन न थांबता उपजिल्हा रुग्णालयापर्यंत न्यावा. रात्री दोन वाजता ईसीजी कोण काढतो, मशीनचा कागद संपलेला असतो का, गाठ विरघळवणारं औषध कुठल्या कुलपात आहे आणि किल्ली कुणाकडे, पेनिसिलिन द्यायला सिस्टर का घाबरते, हे परळच्या किंवा नागपूरच्या कॅथ लॅबमध्ये बसून समजत नाही. ते ज्याने पाहिलं आहे तो पुढे मोठ्या रुग्णालयात गेल्यावर फोनवर आलेला तालुक्याचा ईसीजी वेगळ्या घाईने उघडेल, समोरच्या मेडिकल ऑफिसरला नाव घेऊन ओळखत असेल, ‘देऊन टाका, मी आहे’ असं म्हणेल. तीन महिन्यांनी हात कच्चा राहील, असा आक्षेप विभागप्रमुख घेतील. छत्तीस महिन्यांतून तीन वजा केले तर तेहतीस उरतात, आणि अँजिओप्लास्टीवर हात बसवायला तेवढे पुरतात.